पावलं गोळा करायला आलेली

"मावशी, तुमच्या घरात भूत आहे का?"

ॲमेझॉनकाठच्या इकितोसला मावशीकडे पोचल्यावर जेवायच्या आत हे विचारून दाखव, अशी पैज लिमाच्या मैत्रिणींनी मिलुश्काला घातली होती. शाळेच्या सभेत तीनशे जणांपुढे भाषण ठोकल्यापासून तिची भीड अशी चेपली होती, की पिकल्या केळ्यांच्या चापोचा पहिला घोट उतरायच्या आधीच तिनं विचारून टाकलं.

एल्विता मावशी मासा परतत राहिली. "आहे की. परवापासून पावलं वाजतात. पण भूत कशाला म्हणायचं? तुझी आजीच ती."

"आई जिवंत आहे, एल्विता," मिलुश्काची आई म्हणाली.

"म्हणून तर. मरण जवळ आलं की माणूस वावरलेल्या जागी जाऊन आपली पावलं गोळा करतो. विसरलीस वाटतं, लिमाला जाऊन?"

बाबा हसले. "लाकडी घर आहे, उन्हानं फळ्या तडकतात. माझे गुडघेही तसेच वाजतात."

"दाजी, तुमचे गुडघे कोण गोळा करणारे?"

आजी नदीच्या वरच्या अंगाला, बोटीनं दोन दिवसांवरच्या गावात राहत होती. तिथं फोन लागला तर लागला. आणि बाबांचा बेत ठरलेला: उद्या सकाळी वाटाड्याबरोबर रानात, पाच दिवस भटकंती, मग आजीकडे. सगळ्यांचे रबरी बूट दाराशी ओळीनं मांडूनही झाले होते.

दुपारी सारे झुल्यांत आडवे झाले. बाबा घोरायला लागले. मावशी जिना उतरून खाली नळावर भांडी घासत होती.

तेव्हा मिलुश्काला ऐकू आलं. एक पाऊल नीट, दुसरं फरफटत. झाड अंगावर पडल्यापासून आजी डावा पाय असाच ओढायची. पावलं चुलीपाशी गेली. रांजणाचं झाकण सरकलं. मग नदीकडच्या खिडकीपाशी बराच वेळ काहीच नाही.

मिलुश्का मनातल्या मनात मैत्रिणींना हे रंगवून सांगायला लागली होती. तेवढ्यात पावलं तिच्याकडे वळली, आणि तिच्या झुल्याला खालून कुणीतरी पायाच्या अंगठ्यानं रेटा दिला. एक, दोन, तीन, मग जरा थांबून पुन्हा. लहानपणी आजी असंच निजवायची. मिलुश्कानं पाय खाली सोडून तळवा जमिनीच्या फळीला घट्ट टेकवला, तरी झुला हलतच राहिला.

मग पावलं जिना उतरून गेली.

शेजारच्या झुल्यात आई डोळे उघडे ठेवून पडली होती. तिचा हात तोंडावर होता.

"ऐकलंस ना तू?"

"फळ्या तापल्यात," आई म्हणाली, पण तिचा आवाज चिरकला. "सहा वर्षं फिरकले नाही गं मी. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मावशी हात पुसत वर आली. तिला विचारावं लागलं नाही. "काल चार फेऱ्या झाल्या. आज ही एकच. पावलं संपत आलीत. ती संपली की आईही राहायची नाही."

"पाच दिवस तग धरेल आजी?" मिलुश्कानं विचारलं.

मावशीनं नकारार्थी मान हलवली. "वरच्या गावांची बोट आज पाचला सुटते. मी निघालेय."

मिलुश्का झुल्यातून उतरली. तिनं बाबांचा खांदा हलवून त्यांना उठवलं आणि आईकडे वळली.

"आई, बाबा, मी उद्या रानात येत नाहीये. आज मावशीबरोबर आजीकडे चाललेय. बोटीवर तुमचे झुले टांगायला जागा धरून ठेवते, पण तुमच्यासाठी थांबणार नाही."