दोन्ही लिफ्ट

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता मी नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन त्यांच्या जगात शिरले. जग म्हणजे संगणकावरचा खेळ. ठोकळे खणायचे, ठोकळ्यांनी बांधायचं. हार नाही, जीत नाही. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या माणसाला त्याचा नाद लागला, आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीला भेटायची तेवढीच सोय झाली.

खेळातल्या त्यांच्या घराच्या दारापाशी त्यांनी एक आज्ञेचा ठोकळा पुरला होता; त्यात लिहून ठेवलं तसं तो करायचा. कोणी खेळात आलं की तो आपोआप चालू व्हायचा. आपल्याला थेट दारात आणून उभं करायचा, हातात एक पाव द्यायचा आणि पडद्यावर लिहायचा, ‘पाय पुसून आत ये.’ त्या जगात चिखल नव्हता. पायपुसणंही नव्हतं.

आणि दारात बाबा असायचेच.

“वॉचमनची नोकरी धरलीत वाटतं?” मी हेडफोनवर म्हटलं. रोजच म्हणायचे.

“पगार बरा आहे. तुझं काय चाललंय?”

सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगितलं, की आमच्या ऑफिसात बटण एकदा दाबलं तरी दोन्ही लिफ्ट येतात.

“दोन्ही?” बाबांचा आवाज चढला. “एकाने बोलावलं तर एकीनेच यायचं! ज्याने हे वायरिंग केलंय त्याला दोन मजल्यांच्या मध्ये तासभर कोंडून ठेवा.”

“बरं, निरोप देते. निघू? कामं पडलीत.”

“नीघ. पाव घेतलास?”

पाव मी नेहमीसारखा नदीत टाकला. एकूण अकरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते गेले.

तीन आठवड्यांनी आईला बाबांच्या संगणकाचं टेबल शिलाई मशीनसाठी हवं होतं. संगणक तोवर चालूच होता. “बंद करताना काही बिघडलं तर ओरडतील,” आई म्हणाली. पडद्यावर बाबा खाणीच्या तळाशी होते, हातात कुदळ, शेजारी मशाल. माझ्याशी बोलून झाल्यावर ते तिथे उतरले असणार. बंद करण्याआधी एकदा जाऊन यावं म्हणून मी शेजारी माझा लॅपटॉप उघडला आणि आत गेले.

दारात बाबा उभे होते.

“आई, काय दाबलंस?”

“मी कशाला दाबू? मी कपड्यांच्या घड्या घालतेय.”

त्यांच्या पडद्यावरची खाण नाहीशी झाली होती. पडद्याच्या तळाशी त्यांच्याजवळच्या वस्तूंची रांग दिसत होती, तिच्यात पावच पाव. मग मी दारापाशी खणून तो ठोकळा उघडला. ‘नवा आलेला’ असं लिहायच्या जागी त्यांनी ‘सगळे’ लिहिलं होतं. एक जण आला की आत असतील तेवढे सगळे दारात. म्हणजे बाबा माझी वाट बघत नव्हते. रोज सातला खाणीतून त्यांची उचलबांगडी होत होती. मला हसू आलं. दोन वर्षं मी एका चुकीला भेटायला येत होते.

“बाबांनी वायरिंग चुकीचं केलं होतं,” मी आईला म्हटलं. “मी आले की तेही दारात ओढले जायचे.”

“माहीत होतं की त्यांना.” आईने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. “रोज कुरकुर. आता परत खाली उतरायला अर्धा तास! त्या शेवटच्या दिवशी तर मी म्हटलंच, लोकांच्या वायरिंगवाल्याला कोंडायला निघालात, आधी स्वतःचं दुरुस्त करा.”

“मग?”

“म्हणाले, माझं बरोबर आहे. ती आली की मी दारात नको?”

चादरीची घडी पुरी झाली. आईने ती कपाटात ठेवली आणि पाठमोरीच उभी राहिली. मी हेडफोन कानाला लावला. दारातल्या त्या चौकोनी डोक्याच्या माणसाकडे बघून मोठ्याने म्हटलं,

“बाबा, तुम्ही दारात दिसलात की मला फार बरं वाटायचं.”