पाकिटावरचा चेहरा

प्रितेशनं जयवंतीच्या पुढ्यातलं सूप उचलून बाजूला ठेवलं. निवडायचे कच्चे कॉफीदाणे तसेच त्यात होते.

"मावशी, थोडा वेळ आत बस. ती लोकं रिक्षात बसलीत."

"आत म्हंजे गोदामात?"

"अर्धा तास फक्त. समजून घे ना."

समजून घ्यायचं काही उरलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गोखिवऱ्याच्या या गाळ्यात त्यानं कॉफी भाजायला सुरुवात केली, तेव्हा लेबल घाईत छापायचं होतं. दूर परराज्यात, कोरापुटच्या डोंगरात एकरभर जमिनीवर कॉफी लावणारी सुनामणी, एवढं नाव तिथल्या शेतकऱ्यांच्या संस्थेकडून आलं होतं, फोटो नव्हता. मग जवळच्याच पापडीतल्या एका वाडीत केळींच्या आडोशाला त्यानं आपल्या या मावशीलाच लाल लुगडं नेसवून, हातात टोपली देऊन उभं केलं. नमुन्यापुरतं, असं म्हणाला होता. आता मुंबईतल्या दुकानांतून तिचा चेहरा सुनामणीच्या नावानं विकला जात होता. काम सोडते, असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा प्रितेशची आई, तिची थोरली बहीण शकू, घरी येऊन रडून गेली. "माज्या पोराचा धंदा बसंल गं!"

आज खुद्द सुनामणी येत होती. तिचा माल कुठं जातो ते दाखवायला संस्थेची मनाली तिला घेऊन निघाली होती. संस्थेनं हात आखडता घेतला, तर गाळ्याला टाळंच लागणार होतं.

जयवंती गोदामात शिरली आणि मागून कडी सरकल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. कडी कशाला लावायची? ती कुठं पळून जाणार होती?

पत्रा तापला होता. पोत्यावर बसून तिनं गळा पुसला. तागाच्या धुळीनं खोकला यायला लागला, तसा तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. बाहेर मशीन दाखवून झालं, चहा झाला. मग एक अनोळखी, बारीक आवाज आला.

"हमारा बोरा किधर रखा है?"

"गोदाम में. पण चाबी नहीं है अभी."

"ताला तो लगा नहीं."

कडी करकरली. उजेड आत आला. दारात तिच्याच वयाची, ठेंगणी, दोन्ही नाकपुड्यांत चमकी घातलेली बाई उभी होती. जयवंती धडपडत उठली.

"कामवाली आहे," प्रितेश घाईनं मनालीला म्हणाला. "चुकून आत राहिली वाटतं."

जयवंतीचा पदरावरचा हात तिथंच थांबला.

सुनामणी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिनं झोळीतून कॉफीचं एक रिकामं, चार घड्या घातलेलं पाकीट काढलं आणि उलगडून जयवंतीच्या चेहऱ्याशेजारी धरलं.

"गाँव में सब पूछते हैं, ये कौन है. हम सोचे, कोई बड़ी सेठानी होगी. देखने को आए."

मनालीनं पाकीट पाहिलं, मग कडी पाहिली. "काकी, तुम्हाला आत कोणी कोंडलं?"

तिच्या मागं प्रितेशनं हात जोडले होते. त्याचे डोळे शकूसारखेच भरून आले होते.

"कोन कोंडनार?" जयवंती म्हणाली. "भाचा हाय तो माजा. कडी चुकून पडली."

"भाचा?" मनालीनं वळून विचारलं. प्रितेशनं जोडलेले हात खाली घेतले.

सुनामणीला हे मराठीतलं बोलणं कळलं नाही. तिनं दाराची कडी चाचपली, एकदा सरकवून पाहिली. गंजलेली होती, जोर लावल्याशिवाय हलत नव्हती. मग ती आत येऊन पोत्यावर बसली, थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

जयवंती बसली.

"तुम्हारा नाम क्या है?" सुनामणीनं हळूच विचारलं.

जयवंतीनं आधी दाराकडे पाहिलं. मग स्वतःचं नाव सांगितलं.