पाचापैकी पाच

राजधानी लिलोंग्वेतल्या आमच्या संस्थेने मवाले गावातल्या चाळीस म्हाताऱ्यांना फोन वाटले. रोज दुपारी बाराला फोनमध्ये लावून ठेवलेला गजर वाजून रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून देई. गोळ्यांची गाडी महिन्यातून एकदा येई. वर्षाने त्यांची तब्येत आणि समाधान किती वाढलं ते मोजायला मला धाडलं. पट्टी एक ते पाच. सरासरी चारच्या वर गेली तर प्रकल्प यशस्वी, आणि यशस्वी झालेला प्रकल्प बंद. गाडीसकट.

नाचिसाले आजींनी चटई अंथरली, उकडलेल्या शेंगा पुढे ठेवल्या.

"कशा आहात, आजी?"

"छान. तू कसा आहेस?"

"छान. गेल्या पंधरा दिवसांत किती बरं वाटलं?"

"पाच."

"आजी, पाय सुजलेत तुमचे."

"पाय सुजलेत. मी कुठे सुजलेय?"

मी उत्तरं नोंदवायचं यंत्र मिटलं आणि सगळं सांगून टाकलं. "आकडा खाली आला तरच गाडी येत राहील. दोन म्हणा. नुसतं दोन."

मी कोंबडी चोरायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या दारात शेंगा खाल्ल्यास, आणि लिलोंग्वेत जाऊन सांगणार, नाचिसालेकडे रडारड आहे म्हणून? जावई काय म्हणेल?"

"जावई कशाला वाचतोय?"

"लिहिलेलं कुणीतरी वाचतंच, बाळा. उघड ते. पाच."

दोन मीच दाबला असता, पण यंत्र आवाजही टिपतं आणि कचेरीत तो ऐकायला माणूस ठेवलाय. मी पाच दाबला. पुढे एका म्हाताऱ्याने तीन सांगितला, आतून बायको खेकसली, "पाहुण्याशी असं बोलतात?" त्याने पाच केला.

सरासरी चार पूर्णांक नऊ. संस्थेत केक कापला. अहवालाच्या मुखपृष्ठावर आजींचा हसरा फोटो.

आठ महिन्यांनी त्याच अहवालाची प्रत द्यायला गेलो. आजींच्या मुलीने चटई अंथरली, शेंगा आणल्या.

"कशा आहात, ताई?"

"छान. तुम्ही कसे आहात?"

"छान."

"आई गेली. जूनमध्ये."

मी अहवाल मांडीवर पालथा ठेवला. आत आजींचा बाराचा फोन वाजू लागला. मी दाराकडे पाहिलं.

"वाजू द्या," ती म्हणाली. "थोड्या वेळाने आपोआप थांबतो. शेंगा घ्या ना."