बडबड्या

डोरीनच्या पत्राला बर्ट्रमने दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. ‘तुमच्या कादंबरीतला बडबड्या म्हणजे माझे वडील, हे मी ओळखलं. घरी ते माझ्याशी कधी बोललेच नाहीत. पुस्तकात मात्र मेंढ्यांशी बोलतात. ते खरं, की तुम्ही रचलेलं?’

लोकर कातरायच्या शेडमध्ये नावं उलटीच पडायची. ताडमाड माणूस तो बुटक्या, टकल्या तो झिपऱ्या. आणि दिवसभर तोंडातून अक्षर न काढणारा हॅरल्ड, म्हणून बडबड्या. बर्ट्रम तिथे कातरलेली लोकर उचलून टेबलावर पसरायचा. पण आता त्याचा स्वतःच्या आठवणीवर भरवसा नव्हता. ऐकलेलं कुठे संपलं आणि लिहिलेलं कुठे सुरू झालं? खोटा दिलासा देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

त्या रविवारी, शेडमधला जुना सोबती मर्व चहाला आला. बर्ट्रमने चाचरत विचारलं, “बडबड्याला बोलताना तू कधी ऐकलंस रे?”

“त्याला? लेका, त्याच्यापेक्षा तुझी किटली जास्त बोलते!” मर्व हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, “एकदाच. कातऱ्या चालवणारं ते धडधडतं इंजिन बंद पडलं होतं बघ.”

बर्ट्रमने खुर्ची पुढे ओढली.

“सगळ्यांच्या कातऱ्या एकदम थांबल्या. शेड चिडीचूप. आणि हा आपला मेंढी गुडघ्यांत धरून म्हणतोय, ‘झालं हं डोरीन, थोडंच राहिलं. घरी आलो की सगळं सांगतो तुला.’ मान वर केली, तर आम्ही सगळे बघतोय.”

“मग?”

“मग काय, इंजिन सुरू झालं. म्हणजे रोज त्या आवाजाखाली हा बोलतच असणार. थट्टेने ठेवलेलं नाव, ते त्यालाच चपखल बसलं. पुढे त्या नावाला कोणी हसलं नाही.”

“पण घरी जाऊन बोलला नाही रे तो.”

“घरी कुठलं इंजिन, बाबा?”

मर्व गेल्यावर बर्ट्रम लिहायला बसला. मुलीच्या वाटचं मेंढ्यांना मिळालं, हे कसं लिहायचं? किती कागद फाडले. शेवटी मर्वने सांगितलं तसंच लिहिलं, तिच्या नावासकट, इंजिनासकट.

नाक्यावरच्या लाल पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला. त्याचा हात मात्र बराच वेळ पेटीच्या तोंडाशीच राहिला.