लाँड्रीवाल्याचा चुरगळलेला सदरा

मित्रांनो, मी एक जुना सुती सदरा आहे आणि तोही एका लाँड्रीवाल्याचा. माझ्या मालकांनी खळ दिलेला कपडा खुर्चीत एकटा ताठ बसेल, असं लोक गमतीनं म्हणत. मला मात्र त्यांनी कधी खळ लावली नाही. कामावरच्या सदऱ्याचे लाड कोण करणार? वाफ, घाम आणि साधं पाणी यांतच माझा रंग उडाला, अंग मऊ पडलं. शेजारच्या कडक कपड्यांचा मला फार हेवा वाटे.

मालकांच्या धाकटीला अंगावर फोड येण्याचा जुनाट आजार होता. कमी होई, पुन्हा उलटे. थोरलीच्या लग्नासाठी बाबांनी धाकटीचा फ्रॉक स्वतः धुतला. लेकीचा म्हणून धुण्याचा सोडा जास्त, खळही दाट. तिनं हौसेनं तो लग्नाआधीच दिवसभर घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर गळा, काखा, जिथं कापड घासलं तिथं फोड. आईनं घाईघाईनं चिकटपट्टी लावली. ती काढताना कातडीच सोलून आली.

"मी नाही येत ताईच्या लग्नाला," पोर हुंदके देत म्हणाली.

"आजार तुमच्यामुळे झालेला नाही," दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाबांना समजावलं. "पण हिची कातडी हुळहुळी आहे. आपल्याला चालतं ते तिला चालत नाही. औषध चालू ठेवा. सोडा, खळ, वासाचा साबण, चिकटपट्टी बंद. जुनं मऊ सुती घाला."

घरी बाबांनी कपाट उपसलं. सगळं कडक! मग त्यांनी अंगातून मलाच काढलं. "घरात एवढाच आहे बिनखळीचा," ते म्हणाले. साध्या पाण्यात मला कितीदा खळबळलं असेल! मी धाकटीच्या अंगावर गेलो.

"बाबा, हा टोचत नाही. पण हा घालून लग्नाला कशी येऊ?"

तेव्हा बाबांनी फ्रॉकला आपल्या हातानं लावलेली खळ आयुष्यात पहिल्यांदा धुऊन टाकली. आईनं मला उसवून फ्रॉकला आतून अस्तर लावलं. तोवर जखमाही वाळल्या होत्या.

मांडवात एका गिऱ्हाइकानं टोमणा मारलाच, "काय हो, लाँड्रीवाल्याच्या पोरीचा फ्रॉक चुरगळलेला?"

"हो," बाबा म्हणाले, "मीच चुरगळलाय."

आता धाकटी मोठी झाली. मी फ्रॉकच्या आत, पेटीच्या तळाशी असतो. इस्त्रीचा तो उबदार वास अजून आठवतो आणि मन भरून येतं. मित्रांनो, कुणाची कातडी अशी हुळहुळी असेल तर लांब सरकू नका, घाईनं काही चोळूही नका. आधी जवळ बसून विचारा, "तुला काय टोचतं?"