घंटेची दोरी

गोमाजीने दोरी हातात धरली, पण ओढली नाही. खालच्या कप्प्यातून आनंदने पुन्हा हाक मारली.

“काका, ओढा ना. वायर बांधलीय टोकाला. भोकातून सरळ वर येईल.”

आनंद ठाण्याहून आलेला वायरमन. कोलशेतच्या धक्क्याला लागलेल्या गोमाजीच्या मचव्यावर तो सकाळपासून इंजिनाचं मीटर बसवत होता. इंजिन तापलं किंवा ऑइल उतरलं, की सुकाणूपाशी बसलेल्या माणसाला काट्यावर दिसणार, भोंगा वाजणार. खाली माणूस बसवायला नको.

खाली चंदू बसायचा, गोमाजीचा मुलगा. गोमाजीने वरून दोनदा दोरी ओढली, की इंजिनाजवळची पितळी घंटा वाजायची. म्हणजे, कसं आहे? चंदू पान्याने फळीवर दोनदा ठोकायचा. म्हणजे, ठीक आहे. इंजिनाच्या धडधडीत बापलेकांचं एवढंच बोलणं व्हायचं, आणि त्यात दिवस निघायचा.

शिमग्याआधी चंदूला कावीळ झाली आणि त्यातच तो गेला. तेव्हापासून मचवा बांधून होता. गोमाजी जेवत होता, झोपत होता, विचारलं तर उत्तर देत होता. रडला मात्र नव्हता, आणि त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं. चंदूच्या जागी बसायला भावकीतली पोरं तयार होती. गोमाजी नको म्हणाला, कारण सांगितलं नाही.

जन्मभर स्वतःच्या मचव्याची मासळी विकलेली त्याची बायको शेवंती आता दुसऱ्यांकडून पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसत होती. रेतीवाला मचवा विकत मागायला दोनदा येऊन गेला, तेव्हा तीच म्हणाली, “एक तर बाहेर काढा, नाय तर देऊन टाका त्याला.” त्यावर गोमाजीने हे मीटर आणलं.

“दोरी ठेवायचीय का तुम्हाला?” आनंदने खालून विचारलं. “मग बाजूला दुसरं भोक पाडतो. दोन मिनिटांचं काम.”

“नाय. मचवा पान्यात उतरला की त्याच्या अंगाला त्यो बांधनाऱ्या सुताराबिगर कोन हत्यार लावत नाय. आनि त्यो सुतार कवाच गेला.”

“मग दोरी काढावीच लागेल. दोन्ही नाही मावणार.”

गोमाजीने दोरी ओढली. वर सरकताना ती सुट्या घंटेला घासली, घंटा दोनदा वाजली. वायर कुठेतरी अडली, ती सुटावी म्हणून आनंदने पान्याने फळीवर ठोकलं. दोनदा.

गोमाजीचा हात थांबला.

“सुटली काका, ओढा.”

“पुना ठोक.”

“अहो, सुटलीय.”

“ठोक रं.”

आनंदने ठोकलं. गोमाजीने खाडीकडे तोंड केलं आणि दोरी ओढत राहिला. शेवटी तिचं तेलकट टोक वर आलं, त्यामागे नवी लाल वायर. दोरी गुंडाळून त्याने कनवटीला खोचली.

दुपारी इंजिन चालू करून आनंदने काटा दाखवला, भोंगा वाजवून दाखवला. सगळं नीट चालत होतं.

“हितनं खाली काय विचारता येतंय का?” गोमाजीने विचारलं.

आनंद हसला. “नाही काका. खालचं वर कळतं फक्त. वरून खाली काही जात नाही.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गोमाजी एकटाच निघाला. रिकामी पाटी घेऊन शेवंती धक्क्यावर उभी होती. मचवा दिसेनासा होईतो ती हलली नाही.

वळणावर पाणी उथळ होतं. इथे तो नेहमी घंटा द्यायचा. त्याचा हात आपसूक दोरीकडे गेला आणि लाल वायरीवर पडला. त्याने मीटरकडे पाहिलं. काटा हिरव्या पट्टीत होता, खाली सगळं ठीक होतं. तरी त्याने टाचेने फळीवर दोनदा ठोकलं आणि थोडा वेळ वाट पाहिली.

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल, म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि पुन्हा ठोकलं.