अप्पांचा काटकोन

चन्नवीरअप्पा गवंडी सातवी नापास, पण त्यांच्या भिंतीचा कोपरा चुकलेला हातकणंगल्यात कुणी दाखवून द्यावा. लिंगायतांत कुणी गेलं की खड्डा आखायलाही त्यांनाच बोलावणं यायचं. मयताला बसवून माती द्यायची, जागा चौकोनी, त्याच्याच पावलांच्या मापानं मोजलेली. अप्पा गाठी मारलेली दोरी घेऊन जात. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार आणि तिरपं पाच भरलं की कोपरा सरळ. शेवटचं घर वाकडं नको, एवढंच ते म्हणत.

त्यांची लेक दानेश्वरी अकरावीला. लंबरेषेचं समीकरण काढताना तिची चूक ठरलेली. दिलेल्या रेषेचा चढ दोन तृतीयांश असला की ती उलटा करून तीन द्वितीयांश लिहायची आणि उणे चिन्ह खाऊन टाकायची. त्या सोमवारी वहीतल्या लाल रेघोट्या बघून अप्पांनी चहाच्या बशीशेजारी दोन काड्या एकमेकींवर ठेवल्या.

"ही चढतीया न्हवं? मग काटकोनातली दुसरी उतरायलाच पायजे की."

"अप्पा, हे दोरीचं गणित न्हाय. तुमास्नी न्हाय कळायचं."

अप्पांनी काड्या खिशात टाकल्या. बुधवारी कामावरच छातीत कळ आली आणि ते गेले.

रुद्रभूमीत खड्डा दुसऱ्यांनीच घाईघाईनं काढला होता. दानेश्वरीला एक कोपरा खटकला. दिवस कललाय, आता राहू दे, असं शिवप्रसादकाका म्हणाले, पण ती दोरी घेऊन खाली उतरली. तिरपं चार बोटं कमी भरलं. एक बाजू तासायला लावून तिनं पुन्हा मोजलं. पाच भरल्यावरच ती वर आली.

महिन्यानं चाचणीत तेच गणित आलं: २x − ३y + ६ = ० या रेषेला लंब आणि (४, १) मधून जाणारी रेषा. दिलेली रेषा चढती, म्हणून तिनं आधी उणे चिन्ह मांडलं, मग तीन द्वितीयांश लिहिलं. उत्तर आलं ३x + २y = १४. पैकीच्या पैकी मार्क पडले.

घरी आई अप्पांचे कपडे आवरत होती. सदऱ्याच्या खिशातून तिनं दोऱ्यानं काटकोनात बांधलेल्या दोन काड्या काढल्या.

"पोरीचा राग निवला की पुन्यांदा दावतो म्हणत हुते," आई म्हणाली.

दानेश्वरीनं काड्या छातीशी धरल्या आणि ती ओक्साबोक्शी रडली.

"तुमास्नी कळत हुतं, अप्पा. मलाच न्हवतं कळत."